गांडुळांची वाटणी

निवृत्त होईपर्यंत मी मातीकडे फक्त पाय पुसायच्या निमित्ताने पाहिलं होतं. मिठबावजवळच्या एका शाळेत इंग्रजी आणि गाणं शिकवायचं, रविवारी चर्चमध्ये कॉयरला सूर लावून द्यायचा, असं माझं आयुष्य चाललं होतं. मातीचं काम माझ्याकडे आलं तेही त्या कॉयरमुळेच.

कृषी महाविद्यालयात काम करणारी एक तरुण संशोधक आमच्या भागातल्या आंब्या-नारळाच्या बागा पाहायला आली होती. तिने फादरना विचारलं, कान तयार असलेलं आणि पाव तास गप्प बसू शकेल असं गावात कुणी आहे का? फादर म्हणाले, "कान तयार असलेले चौघंजण आहेत. गप्प बसणारी एकच आहे."

ती आमच्या घरापुढच्या बाल्कावात, म्हणजे बाकं असलेल्या ओट्यावर, बसून मला समजावू लागली. जिवंत मातीत सतत काहीतरी चालू असतं. गांडुळं सरकतात, अळ्या मुळं कुरतडतात, मुंग्या येजा करतात, वाळवी वाळकी पानं खाते. या सगळ्याचा आवाज होतो. माती जितकी जिवंत, तितकी गजबज जास्त. खतं आणि औषधं कमी केली, पालापाचोळा राखला, तर ही गजबज वाढते का, हे तिला पावसाळ्यापासून मोहोरापर्यंत तपासायचं होतं. तिने मला एक लोखंडी सळी दिली. सळीच्या डोक्यावर शर्टाच्या बटणासारखी एक चकती होती, तिच्यातून वायर निघून एका छोट्या डबीत जात होती आणि डबीतून कानाला लावायचे हेडफोन. ठरलेल्या दिवशी सकाळी सळी जमिनीत रोवायची, पाव तास आवाज साठवायचा आणि तिला मोबाइलवरून पाठवायचा, इतकंच काम.

"कॉयरपेक्षा सोपं आहे," ती म्हणाली. "इथे कुणी बेसूर होत नाही."

पहिली सळी मी आमच्याच परसात रोवली. भांड्यांचं पाणी जातं तिथे अळू माजलेला होता, त्याच्या मुळाशी. हेडफोन लावले आणि मी तशीच उकिडवी बसून राहिले. शेजारच्या खोलीत कुणीतरी चोरून चकल्या खाव्यात, तसा आवाज येत होता. मध्येच कुणी जाड कागद अगदी सावकाश फाडल्यासारखं वाटे. मग लगबग, मग क्षणभर शांतता, मग पुन्हा चकल्या. इतकी वर्षं मी त्याच जागी भांड्यांचं पाणी ओतत होते आणि खाली एवढा संसार चालला होता. माझा गुडघा दुखतो हे मी साफ विसरले.

माझा नवरा बोटीच्या इंजिनरूममध्ये नोकरी करून आलेला, त्याचा एक कान तिथेच राहिलाय. तो मागच्या दारात येऊन उभा राहिला.

"काय आयकतंस गो इतक्या?"

"ये, तूच आयक."

त्याने हेडफोन लावले आणि जरा वेळाने ओरडून म्हणाला, "कोणतरी सुपारी कातरता!" मग नीट ऐकू यावं म्हणून त्याने डबीवरचा आवाज शेवटपर्यंत वाढवला. नेमकं तेव्हाच आमच्या कोंबडीने सळीवर चोच मारली. नवऱ्याने हेडफोन भिरकावले आणि तो अळवात आडवा झाला.

"माका वाटला बॉयलर फुटलो!"

त्या दिवसापासून त्याने मातीशी संबंध ठेवला नाही.

गावात मात्र बातमी पसरायला वेळ लागला नाही. टीचर मातीची नाडी बघतात, असं लोक म्हणू लागले. ज्या बागांत मला सळी रोवायची होती, त्यांत दोन बागा एकमेकींना लागून होत्या. मधे जांभ्या दगडांचा कमरेएवढा गडगा. बागांचे मालक सख्खे चुलतभाऊ. आजोबांची एकच बाग होती, ती दोघांच्या बापांनी वाटून घेतली होती.

थोरला भाऊ शिस्तीचा माणूस. त्याची बाग म्हणजे सारवलेलं अंगण. रोज सकाळी तो स्वतः नारळाच्या हिरांच्या झाडूने सगळी बाग झाडायचा, पानं गोळा करून जाळायचा आणि झाडांना पोत्यांनी खत घालायचा. बाहेरगावचे लोक त्याची बाग बघायला यायचे आणि चपला गडग्याबाहेर काढायचे. धाकट्याची कुणकेश्वरला किनाऱ्यावर सरबताची टपरी होती. आंब्याचा हंगाम सोडला तर तो बागेत फिरकत नसे. त्याच्या बागेत पानांवर पानं कुजत पडलेली, गवत गुडघ्यापर्यंत आलेलं, आणि एका नारळाखाली जुन्या स्कूटरचा सांगाडा.

श्रावणातल्या एका उघडीपीच्या सकाळी मी आधी थोरल्याकडे गेले. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. सळी रोवायच्या जागी उदबत्ती लावलेली होती. पंप बंद करून ठेवला होता आणि बायकोला सांगितलं होतं की पाव तास भांडं पडता कामा नये. मी हेडफोन लावले, थोडं ऐकलं, मग जागा बदलली. पुन्हा ऐकलं. मधे एकदा काहीतरी गुरगुरलं, पण ते थोरल्याचं पोट होतं.

"काय म्हणता?" त्याने विचारलं.

"काही म्हणत नाही."

त्याने स्वतः हेडफोन लावून पाहिले. काढले, फुंकर मारली, पुन्हा लावले. मग गंभीरपणे मान हलवली. "माझ्या जमनीक शिस्त आसा. उगाच बडबड करणारी न्हय ती."

मला वाटलं विषय तिथेच मिटला. पण त्यानंतर मी धाकट्याकडे सळी रोवायला निघाले, तर थोरलाही गडगा ओलांडून मागोमाग आला. धाकट्याच्या बागेत हेडफोन लावले आणि मला कसालच्या बाजारात येऊन पडल्यासारखं झालं. खरखर, टकटक, कुरकुर, सगळं एकदम. माझ्या चेहऱ्यावरून थोरल्याला कळलंच. त्याने हेडफोन जवळजवळ ओढून घेतले. बराच वेळ ऐकलं. मग माझ्या हातात दिले आणि इस्त्रीचा शर्ट सांभाळत गडग्यावरून परत गेला.

दोन दिवसांनी तो आमच्याकडे आला. बाल्कावात बसला, पण चहा घेईना.

"टीचर, त्याच्याकडे आवाज येता तो कोणाचो?"

"गांडुळांचा असेल. अळ्यांचा असेल."

"आमच्या आज्याच्या वेळेक बाग एक होती. मगे गांडुळां पण एकच होती, बरोबर?"

मी हो म्हणाले. इथे माझं चुकलं.

"झाडां वाटली, विहिरीचे दिवस वाटले, पितळेची भांडी वाटली. गांडुळां कोणी वाटली नाय. माझ्या वाट्याची त्याच्याकडे गेली हत. तो गडगो काय तेंका अडवता?"

मी त्याला समजवायचा प्रयत्न केला. गांडूळ इतक्या वर्षांचं जगत नाही, हेही सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "तेंची पोरांबाळां आसतली ना? वारस म्हणजे वारसच."

आणि तो थेट सरपंचबाईंकडे गेला.

सभा देवळाच्या मंडपात झाली. आमच्याकडे घरात, बाजारात, भांडणातसुद्धा सगळे मालवणी बोलतात, पण सभा म्हटली की प्रत्येकाच्या तोंडात शुद्ध मराठी येते. गावातले एक गृहस्थ कोर्टात कारकून होते. निवृत्तीनंतर त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. त्यांनी त्या दिवशी कोट घातला होता.

"प्रथम हे ठरवावे लागेल," ते म्हणाले, "की गांडूळ ही स्थावर मालमत्ता आहे की जंगम."

"ती जमिनीत असतात. म्हणजे स्थावर," थोरला म्हणाला.

"पण ती सरपटतात," धाकटा म्हणाला. तो टपरी बंद करून आल्यामुळे आधीच चिडलेला होता. "म्हणजे जंगम."

कारकुनांनी डोळे मिटून विचार केला. "सरपटणारी स्थावर मालमत्ता अशी तरतूद माझ्या पाहण्यात नाही."

मग त्यांनी मला साक्षीला उभं केलं. मी उभी राहिले. इतक्या वर्षांत मुलांना उभं करत आले होते, त्यांना कसं वाटत असेल ते मला तेव्हा कळलं.

"सदर गांडुळांचा आवाज आपण ऐकलात. त्यांचा मूळ रहिवास कोणत्या बाजूचा, हे आपणांस सांगता येईल का?"

"नाही."

"आवाजात काही घराणे जाणवले का?"

मी खरोखरच आठवून पाहिलं आणि मग नाही म्हणाले. मंडपात कुणीही हसलं नाही. मागच्या बाजूने एकाने सूचना केली की गांडुळांना हळद लावून सोडावं म्हणजे कोण कुठे जातं ते कळेल. दुसरा म्हणाला, हळदीने ती मरतील, कुंकू लावा. त्यावर कुंकू लावायचं तर गांडूळ नर की मादी, असा प्रश्न निघाला. ते दोन्ही असतं, असं मी सांगितलं, आणि हळद-कुंकवाचा विषय तिथेच संपला.

सरपंचबाई वयाने सगळ्यांत लहान. त्यांना शुद्ध मराठीचा कंटाळा आला असावा. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "माका घराकडे जावन जेवण करूचा आसा. एक घमेला गांडुळां हेंका द्या आणि संपवा."

धाकटा म्हणाला, "घमेला कशाक? डंपर घेवन ये, सगळी घेवन जा."

पण दुसऱ्या दिवशी थोरला घमेलं आणि फावडं घेऊन खरंच आला, तेव्हा धाकट्याचा सूर बदलला. सरपंचबाईंनी मला देखरेखीला पाठवलं होतं. थोरल्याने पानांचा थर बाजूला सारला, खालची काळी भुसभुशीत माती उचलली आणि एकेक गांडूळ उचलून घमेल्यात ठेवू लागला. धाकटा शेजारी उकिडवा बसला.

"ता जाडा ठेव हां. ता माझा."

"वाटणी म्हणजे वाटणी. जाडी तुका आणि बारकी माका? भांड्यांच्या वेळेकय तुझ्या बापाशीन असाच केल्यान."

"बापाशीक मधी हाडू नको. ता खाली ठेव."

ते गांडूळ दोघांच्या हातातून निसटलं आणि मातीत शिरलं. दोघांनी ते शोधण्यासाठी हाताने जमीन उकरली. धाकट्याने आपल्या बागेच्या मातीला हात लावलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्यानंतर सापडलेली दोन-तीन त्याने स्वतःहून घमेल्यात टाकली.

थोरल्याने घमेलं पोटाशी धरून गडगा ओलांडला आणि आपल्या स्वच्छ बागेत, सगळ्यांत मोठ्या आंब्याच्या कलमाखाली, ती माती सोडली. मी पुढच्या आठवड्यात सळी घेऊन गेले. आवाज नव्हता. पुन्हा एकदा गेले, तरी नव्हता. थोरल्याने गडग्याजवळ खुर्ची टाकली होती आणि ती परत पलीकडे जातात का, यावर तिथे बसून तो पाळत ठेवत होता. त्याची बायको मला दारातच म्हणाली, "पोरां परीक्षेक बसली तेव्हा इतके जागे नाय बसले हे."

शेवटी मी संशोधकबाईंना फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. फोन म्हणजे त्याच्या दृष्टीने कचेरीच. तो खुर्चीतून उठून उभा राहिला.

"मॅडम, आमच्या गांडुळांना इथे करमत नाही."

"काका, ती खातील काय? जमीन तर तुम्ही झाडून घेता."

"मग काय घालू? पेज चालेल?"

"पानं. पडलेली पानं पडू द्या. आणि तेवढ्या जागेत खत घालू नका."

थोरल्याने फोन माझ्याकडे दिला. त्याचा चेहरा असा झाला होता, जसं त्याला कुणी देवळात चपला घालून जायला सांगितलं असावं. स्वयंपाकघराच्या दारातून बायकोचं हसू ऐकू आलं. ती मला म्हणाली, "पान पडलेला दिसला तर हेंका जेवण गोड लागणा नाय, टीचर. आता उपाशी रवतले."

त्याने मोठ्या कलमाखालचा एक कोपरा पानांसाठी मोकळा ठेवला. मी बघायला गेले तर पानं ओळीत मांडलेली होती. सगळ्यांचे देठ एका दिशेला. फाटकी पानं त्याने वगळली होती.

"पानं अशी पडत नाहीत," मी म्हटलं.

"तां माका ठावक आसा. पण येणाऱ्या-जाणाऱ्याक बरा दिसूक होया."

वाऱ्याला मात्र बरं दिसायची पर्वा नव्हती. दसऱ्यापर्यंत त्या कोपऱ्यातल्या ओळी मोडल्या, वरून नवी पानं पडली, खालची काळी पडली. थोरला रोज तिथे येऊन हात मागे बांधून उभा राहायचा. झाडू त्याने घरात नेऊन ठेवला होता, कारण बाहेर असला की हात आपोआप जातो, असं तो म्हणाला. पाऊस गेल्यावर तो त्या पानांवर झारीने पाणी शिंपडू लागला.

आणि एका सकाळी मला तिथे ऐकू आलं. टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक, आणि त्यामागून एक बारीक खरखर. मी हेडफोन काढून त्याला दिले. तो ऐकत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याने ते धुरामुळे म्हणून सांगितलं. धूर कुठेच नव्हता. पानं जाळणं त्याने केव्हाच सोडलं होतं.

त्यानंतर थोरल्याला आवाजाचं वेड लागलं, म्हणजे दुसऱ्यांच्या आवाजाचं. मी सळी घेऊन येणार त्या सकाळी तो रस्त्यावर उभा राहून लोकांना गप्प करायचा. पाववाल्याला त्याने भोंपू न वाजवता सायकल ढकलत न्यायला लावली. नारळ पाडणाऱ्याला झाडावरच थांबवून ठेवलं. मासे विकायला येणाऱ्या बाईला बोटाने गप्प राहायची खूण केली, तर तिने टोपली खाली ठेवली आणि कमरेवर हात घेऊन म्हणाली, "मासळी आपणान बोलणा नाय, म्हणान माका वरडूचा लागता. तुझ्या किड्यांक सांग कानार हात ठेवूक."

तुळशीची लग्नं झाली आणि धाकट्याच्या मुलीचं लग्न ठरलं. नेमका लग्नाचा दिवस आणि माझा सळी रोवायचा दिवस एक आला. मी म्हटलं, आपण पुढे ढकलू. थोरला म्हणाला, "लगीन थंयसर होतला. ह्या हयसर होतला. मध्ये गडगो आसा." घरातला मोठा म्हणून वऱ्हाडाचं स्वागत त्यानेच करायचं होतं. पण वऱ्हाड उशिरा येणार असं कळलं होतं, म्हणून तो नवं धोतर, कोट आणि टोपी घालून मोठ्या कलमाखाली येऊन बसला. मी साडी सावरत सळी रोवली आणि डबी चालू केली. त्याने हेडफोन टोपीवरून घातले.

पाच मिनिटं झाली असतील, तेवढ्यात रस्त्याच्या वळणावरून बँजो ऐकू आला. वऱ्हाड लवकर आलं होतं.

थोरला उठला नाही. तो फक्त एक हात वर करून बसून राहिला. बँजोवाल्यांना ते दिसणं शक्यच नव्हतं. पण गडग्यापलीकडे स्वागताला उभ्या असलेल्या धाकट्याला दिसलं. मुलीचा बाप म्हणून त्याने त्या क्षणी काय करावं, हे सांगणं कठीण आहे. त्याने फेटा सांभाळत धाव घेतली, बँजोवाल्याच्या पुढे जाऊन दोन्ही हात पसरले आणि ओरडला, "बंद करा! वायच गप रवा, मोठो आयकता!"

बँजो थांबला. वऱ्हाडातल्या लोकांना वाटलं घरात कुणी आजारी आहे. बायकांनी डोक्यावर पदर घेतले. नवरदेवाने चपला काढून हातात घेतल्या, ते बघून बाकीच्यांनीही काढल्या, आणि सगळं वऱ्हाड पाय न वाजवता, मान खाली घालून, थोरल्याच्या बागेवरून पुढे गेलं. नवरदेवाच्या आईने आमच्याकडे पाहून हात जोडले. थोरल्याचे डोळे मिटलेलेच होते. पाव तास संपेपर्यंत मुलीकडचे आणि मुलाकडचे समोरासमोर उभे राहून एकमेकांकडे नुसतेच बघत होते. मी डबी बंद केल्याची खूण केली, थोरल्याने टोपी सारखी केली आणि गडग्याकडे बघून मान हलवली. बँजोवाले एवढ्या जोरात सुरू झाले की वरून एक शहाळं पडलं. सुदैवाने कुणाच्या डोक्यावर नाही.

दुसऱ्या दिवशी संशोधकबाईंचा फोन आला. "टीचर, काल काय झालं होतं? एवढी पावलं! दोडामार्गकडचे हत्ती तुमच्याकडे उतरले की काय?"

मी सांगितलं. मग ती म्हणाली की हा आवाज तिला कामाचा नाही, तो पुसावा लागेल. थोरल्याला हे फार लागलं. त्याच्या मते कोपऱ्यातल्या मंडळींनी त्या दिवशी सगळ्यांत चांगलं काम केलं होतं.

आंब्याला मोहोर येऊन गेल्यावर ती स्वतः सळी न्यायला आली. तिला ती आता दुसऱ्या तालुक्यात न्यायची होती. धाकट्याची माती चांगली निघाली, थोरल्याच्या कोपऱ्याची सुधारतेय आणि बाकीच्या बागेची नाही, असं तिने सांगितलं. थोरल्याने ते ऐकून घेतलं. मग विचारलं, "सळी गेली तर मला कसं कळणार?"

"कुदळ आहे ना? एक ढेकूळ काढा, फोडा, आत कोण कोण दिसतं ते बघा."

हे कुणालाच सुचलं नव्हतं, मलाही नाही. थोरल्याने कुदळ आणली. धाकटा गडग्यावर बसून बघत होता, तो खाली उतरला. कोपऱ्यातली पानं बाजूला करून त्यांनी एक ढेकूळ काढलं आणि दोघांनी हातांनी फोडलं. आत एक गांडूळ होतं, एक पांढरी अळी होती आणि घाईत असलेल्या काही मुंग्या. दोघंही डोकं लावून बघत राहिले. संशोधकबाई गाडीत बसून निघाली तरी त्यांना कळलं नाही.

मग थोरला उठला आणि बायकोला हाक मारून म्हणाला की आजपासून सगळ्या बागेतली पानं पडतील तिथे राहतील, फक्त रस्त्याच्या बाजूची एक पट्टी तो झाडणार, कारण लोक काय म्हणतील. बायकोने चहा आणला. मी खुर्चीसाठी इकडेतिकडे पाहिलं, तर थोरला म्हणाला, "उभ्यानच घेवया, टीचर. खुर्चेचे पाय खाली खंय रुततत, सांगता येणा नाय."

आम्ही तिथेच उभ्याने चहा प्यायलो. धाकटा एका पायावर उभा राहून.